चौथ्यांदा निपाणीला

"आमचा अण्णा गेला बघा, सर. झोपंतच गेला." आषाढात निपाणीहून आक्कांचा फोन आला, आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. अण्णा थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्कांच्या घरात गेले… वर्षभरापूर्वी कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

अण्णा बेळगावात आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. निपाणीच्या जैन घरातला हा माणूस जन्मभर ज्यू धर्मविचारावर लिहीत राहिला. दोन धर्मांची माणसं एका पंगतीला बसवायची त्यांना भारी हौस. लष्कराच्या भाकऱ्या भाजताय, म्हणून मी चेष्टा करायचो. पण एकदा ते कोकणात ज्यूंच्या जुन्या कबरींवरचे लेख वाचत हिंडत होते, आणि इकडं आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, वारले. निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "बापाला खांदा द्यायला न्हाईस, परक्यांच्या कबरी वाचत बसलतास," म्हणून आक्कांनी दार लावलं ते लावलंच.

जैनांत पर्युषण संपलं की एकमेकांची क्षमा मागतात. ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवसही त्याच सुमारास येतो, आणि त्याआधी ज्याला दुखावलं त्याच्याच दारात जावं लागतं. देवाकडं परस्पर मिटत नाही. अण्णा दोन्ही पाळायचे. भाद्रपदात मी त्यांना गाडीतून निपाणीला न्यायचो. ते आक्कांच्या कट्ट्यावर बसायचे, दार उघडायचं नाही, दिवस मावळायचा. जैन रिवाजानं अंधार पडल्यावर ते जेवत नसत, त्यामुळं उपाशीच परत. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी निघतानाच मी वैतागलो. "अहो अण्णा, तुमच्या ज्यूंच्या शास्त्रात तीनदा मनापासून क्षमा मागितली की सुटका आहे न्हवं? मग झालं की."

"मी सुटलो रं," ते म्हणाले. "आक्का कुठं सुटलीया?"

त्या दिवशी दार उघडलं. आक्का एवढंच म्हणाल्या, "दिवस मावळाय लागलाय. जेवून घे." पुढं अण्णा आजारी पडले तेव्हा आक्का स्वतः बेळगावला येऊन त्यांना घेऊन गेल्या.

परवा भाद्रपदात मी एकटाच गेलो. कट्ट्यावर चटई अंथरलेली होती. जेवताना आक्कांनी विचारलं, "तीनदा मागितली की सुटका असती, अण्णाच सांगायचा. मग चौथ्यांदा कशाला आलता ह्यो?"

मी अण्णांचं उत्तर सांगितलं. आक्का हातातली भाकरी तशीच धरून बसल्या…

"म्हंजे मला सोडवाय आलता व्हय," म्हणाल्या. मग बाहेर कट्ट्याकडं बघितलं आणि ती भाकरी माझ्या ताटात वाढली. "खावा, सर. दिवस हाय अजून."