पामेला गोम्स आणि शनिवारचा व्हिडिओ

सकाळी सहा चाळीस. ठाण्याच्या लोकमान्यनगरमधल्या एका चाळीतल्या खोलीत पामेला गोम्स सतरंजीवर बसल्या आहेत आणि साईनाथ चव्हाणचा डावा पाय त्यांच्या मांडीवर आहे. एक हात गुडघ्याखाली, दुसरा टाचेवर. गुडघा सावकाश वाकतो, सावकाश सरळ होतो.

"ढिला सोड."

"सोडलाय, कोच."

"हा सोडलाय? मग धरलास तर माझी हाडं मोडशील. मोजा काढ."

"राहू दे ना. थंडी वाजते."

"ऑगस्टमध्ये?"

स्टोव्हपाशी चहा गाळणाऱ्या त्याच्या आईचा, कलावतीबाईंचा, हात थांबला. पामेलांनी विचारणं बंद केलं आणि मोजा स्वतःच काढला. घोट्याच्या आतल्या बाजूला, पायाला उभं राहायला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा बसतो तिथे, कातडी सोलवटून जखम झाली होती. कडा लाल, मध्ये ओल.

पामेला सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या मागे त्यांचं जुनं गावठाण आहे. वडील खाडीत मासेमारी करायचे. हॉस्पिटलातली फिजिओथेरपीची नोकरी त्यांनी सोडली ती रागारागात नाही. घरी गेलेला पेशंट घरी काय करतो हे तिथे बसून कळत नाही, एवढंच त्यांचं कारण. आता त्या स्कूटरवरून घरोघरी जातात. सकाळी साईनाथ, मग नौपाड्यातले म्हातारे गुडघे. साईनाथ त्यांना कोच म्हणतो, कलावतीबाई अजूनही सिस्टर म्हणतात. "मी नर्स नाही हो," असं सांगून सांगून त्यांनी नाद सोडलाय.

साईनाथ गोविंदा होता. दहीहंडीच्या थरात तो दुसऱ्या थराला उभा राहायचा. दोन वर्षांपूर्वी एका हंडीत वरचे सगळे थर त्याच्यावर कोसळले आणि कमरेजवळ मणक्याला मार बसला. पाय पूर्ण गेले नाहीत. संवेदना आहे, ताकद नाही. त्या वेळी समोरच्या स्टेजवर मालिकांमधली अभिनेत्री संचिता केळुसकर नाचत होती. खाली काय झालं ते तिला दिसलं, पण गाणं संपेपर्यंत कोणी थांबवलं नाही आणि तीही थांबली नाही. चार दिवसांनी ती हॉस्पिटलात आली, सोबत फोटोवाला न आणता. तेव्हापासून साईनाथची औषधं, कॅलिपर आणि पामेलांची फी तिच्याकडून येते. तिने हे कुठे सांगितल्याचं कोणाला आठवत नाही. चाळीत मात्र सगळ्यांना माहीत आहे, कारण कलावतीबाई सगळ्यांना सांगतात.

संचिता एकच गोष्ट मागायची. दर शनिवारी कलावतीबाईंच्या फोनवर तिचा मेसेज यायचा: साईनाथ कसा आहे, जमलं तर व्हिडिओ पाठवा.

"किती दिवस झाले याला?" पामेलांनी जखमेकडे बोट दाखवलं.

"दोन-तीन."

"साईनाथ."

"झाला असेल आठवडा."

"दुखत नव्हतं?"

"दुखत होतं ना."

"मग तोंडात काय होतं तुझ्या?"

साईनाथ छताकडे बघत म्हणाला, "थर लागलेला असताना खालच्याने बोलायचं नसतं, कोच. खालचा बोलला की वरचा हलतो."

पथकात हे पहिल्या दिवशी शिकवतात. खांद्यावर कितीही भार येवो, कुठे नख रुतो, कळ येवो, वरचं पोर हंडीला हात लावून उतरेपर्यंत आवाज काढायचा नाही. साईनाथ आठ वर्षं तसाच उभा राहिला होता. कॅलिपर घालूनही तो तसाच उभा राहत होता.

बाकीचं कलावतीबाईंनी सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी त्याला धुतलेला शर्ट घालायचा, भिंतीपाशी उभं करायचं, शेजारच्या रतनने व्हिडिओ काढायचा. दर वेळी आधीपेक्षा थोडा जास्त वेळ.

"मी सांगितलं होतं, पाय थरथरला की बसवायचं," पामेला म्हणाल्या.

"हो, पण सिस्टर, ती बाई एवढं करते. तिला काहीतरी बरं दिसायला नको? तेच तेच किती पाठवायचं?"

"आता महिनाभर कॅलिपर बंद. जखम भरेपर्यंत उभं राहायचं नाही. आणि हे त्यांना सांगावं लागेल."

कलावतीबाई उठून दाराशी गेल्या, दार लोटून परत आल्या. "नका सांगू. पाया पडते. म्हणतील, पोराची काळजी घेता येत नाही यांना. बंद केलं तर मी कुठे जाऊ त्याला घेऊन?"

"आई, गप ना."

"तू गप. तुझं तोंड उघडायचं तेव्हा उघडलं नाहीस!"

पामेलांनी आधी जखम सलाईनने धुतली, ड्रेसिंग केलं आणि मग फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. पलीकडे ड्रायरचा आवाज होता. शूटिंगची वेळ, संचिता मेकअपला बसली होती. पामेलांनी जखमेचं सांगितलं, कारण सांगितलं, पायांची तयारी महिनाभर मागे पडेल हेही सांगितलं. सांभाळून घेणारा एकही शब्द वापरला नाही.

ड्रायर बंद झाला.

"म्हणजे माझ्या व्हिडिओसाठी?"

"हो."

"अहो, मला बघायचं असायचं म्हणून मागायचे मी. त्याला उभं राहावं लागेल हे डोक्यातच आलं नाही. तो झोपलेला असता तरी चाललं असतं." मग म्हणाली, "काकू आहेत का तिथे?"

कलावतीबाईंनी पदर डोक्यावर घेतला, जणू समोरून दिसणार होतं. "आहे मॅडम. चुकलं आमचं."

"तुमचं नाही चुकलं. ऐका काकू, तो चालला तरी हे चालू राहणार आहे आणि नाही चालला तरी. कळलं का? मला आता व्हिडिओ वगैरे काही पाठवू नका. काय ते पामेलाताई सांगतील."

"बरं, मॅडम."

"आणि साईनाथ, दुखलं की ओरड रे बाबा."

"सवय नाही, मॅडम."

"मग लाव."

फोन बंद झाल्यावर कलावतीबाई स्टोव्हपाशी गेल्या. मग चहा पुन्हा गरम करायला ठेवला. पामेलांनी उजवा पाय मांडीवर घेतला आणि गुडघा नेहमीपेक्षा थोडा जास्त वाकवला.

"दुखतंय?"

"नाही."

त्यांनी आणखी वाकवला.

"आई गं! दुखतंय, दुखतंय!"

"शाबास."

उद्या रविवार. रविवारी पामेला पेशंट घेत नाहीत, पण हे ड्रेसिंग रोज बदलायचं आहे. चर्चमध्ये मिस्सा आठ वाजता असते. सव्वासहाला त्या लोकमान्यनगरात येतील.