आईच्या दाढेची कॅप

दाढ तुटल्यापासून आई आमच्या आधीच एकटी जेवून घ्यायची. दुधात कुस्करलेली भाकरी, तीही एकाच बाजूने चावायची. "मला आता हेच बरं वाटतं," असं म्हणायची आणि आम्हालाही ते खरं वाटायचं. दुखणं टाळता टाळता माणूस आपल्या आवडी एकेक करून सोडत जातो आणि म्हणतो, वय झालं.

शेवटी बहिणीने हट्टाने तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि दाढेवर कॅप बसवून आणली. काही दिवसांनी आई आमच्याबरोबर जेवायला बसली. जेवण झाल्यावर तिने भाजलेले शेंगदाणे तोंडात टाकले.

"अगं, जपून!" बाबा म्हणाले.

"थांबा हो," ती डोळे मिटून म्हणाली, "कुडूमकुडूम आवाज ऐकू द्या की जरा."