कोऱ्या कॉम्प्युटरवरचं हळदीकुंकू

मंडळी, जुन्या मॉडेलचा छोटा डेस्कटॉप सवलतीत घ्यावा का, असं परवा इथे विचारलं होतं. आज नाशिक रोडला तो बघून आले.

दुकानदार म्हणाला, "ताई, एकदम कोरा पीस. आत्ताच खोकं फोडलंय."

मी सीपीयू फिरवून पाहिला. मागच्या जाळीत झेंडूची वाळकी पाकळी अडकलेली, बाजूला हळदीकुंकवाची बोटं.

"ही दसऱ्याची पूजा ना?"

"नवीन मालाचीही करतो आम्ही."

"खोकं न फोडता?"

महाशय निर्लज्जपणे हसून म्हणाले, "माऊसपॅड फ्री देतो."

ज्या कॉम्प्युटरवर वर्षभर स्वतःचं पोट भरलं, दसऱ्याला ज्याच्यापुढे हात जोडले, त्यालाच हा माणूस कोरा म्हणून विकतोय. अशाकडून तुम्ही फुकटचं माऊसपॅड तरी घ्याल का?