खापरपणजोबांचं नाव

कराडच्या एसटी स्टँडवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या हातात चार घड्यांचा एक कागद ठेवला, तेव्हा मुंबईची गाडी लागलेली होती आणि माझा चुलतभाऊ दिलीप माझी बॅग वर चढवत होता. आई डोळे पुसत होती. आबा विमानतळावर येणार नव्हते. "तिथे काचेबाहेर उभं राहून काय करायचं?" असं त्यांचं म्हणणं. कागदावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आमच्या घरातली आठ नावं होती, खालून वर, बापाच्या वर बाप. सगळ्यांत खाली माझं. "इंग्रजांच्या राजांच्या पिढ्या पाठ करशील. या आपल्या. जवळ ठेव," एवढंच ते म्हणाले.

आबा तहसील कचेरीत रेकॉर्ड कीपर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाच गोष्टीची मिजास केली: "माझ्याकडून एक कागद हरवला नाही." शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसायचो, लाल फडक्यांत बांधलेली दप्तरं सोडायचो. जुन्या कागदांचं वेड मला तिथेच लागलं. पण त्या वेडापायी पोरगा मोडी शिकायची सोडून ट्यूडर इंग्लंडच्या मागे का लागला, हे त्यांना कधीच पटलं नाही. कॉलेजात एका सरांनी एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. राजाला दुसरं लग्न करायचं म्हणून देशाचा धर्म हलतो, त्याचा मुलगा गादीवर आला की आणखी हलतो, थोरली मुलगी आली की उलटा फिरतो, धाकटी आली की परत सुलटा. वर हा खेळ चालला असताना खाली गावातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांचं काय करायचं? माझं सगळं करिअर या एका प्रश्नावर उभं आहे.

पीएचडीसाठी लंडनला आलो तो एजवेअरमध्ये एका गुजराती कुटुंबाच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खोली एवढीशी, की कपाट उघडायचं तर पलंगावर चढावं लागे. आबांचा कागद मी पहिल्या वर्षी खरंच जवळ ठेवला. वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून तोच घालायचो. एकदा असंच एक पुस्तक दुसऱ्या कुठल्यातरी लायब्ररीतून मागवलेलं होतं. मुदत संपली, मी ते घाईघाईत परत केलं. कागद आठवला तो तीन आठवड्यांनी. चौकशी केली, फोन केले. काउंटरवरची बाई म्हणाली, सॉरी, असं काही मिळालं नाही.

खरं तर त्यात काय एवढं? रविवारी फोन व्हायचाच, कॉलिंग कार्ड खरवडून, नंबर फिरवून. "आबा, ती नावं परत सांगा," एवढं म्हणायचं होतं. सहा वर्षं दर रविवारी मी ते म्हणणार होतो. पण ज्या माणसाने एक कागद हरवला नाही त्याला, त्याने दिलेला एकच कागद मी हरवला, हे सांगायला जीभ रेटली नाही. ते मात्र विचारायचे, "थंडी आहे का? जेवलास का?" कागदाचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझ्याकडे आहे म्हटल्यावर विचारायचं कशाला?

दरम्यान मला दुसऱ्यांची नावं सापडली. ट्यूडरांच्या आधीपासून तिथल्या गावोगावच्या चर्चमध्ये मेलेल्यांची एक यादी असे. वर्षातून एकदा पाद्री ती मोठ्याने वाची आणि गाव त्यांच्यासाठी प्रार्थना करी. नवा धर्म आला, हुकूम निघाला: मेलेल्यांसाठी प्रार्थना बंद. याद्या फाडल्या गेल्या. हॅम्पशरमधल्या एका खेड्याची यादी मात्र मला एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात शिवलेली मिळाली. दोन वर्षं मी तिच्यावर वाकून बसलो. जॉन, अ‍ॅग्नेस, परत जॉन. नाव वाचता आलं नाही तिथे चौकोनी कंस मोकळा सोडला. आमच्या धंद्यातला पहिला धडा हाच, माहीत नसेल तिथे भर घालायची नाही. त्याच यादीत एक नाव मागाहून घुसडलेलं मी पकडलं. शाई वेगळी होती. चर्चमध्ये मानाची जागा मिळावी म्हणून एका घराने कधी न झालेला आजोबा आत बसवला होता. त्या लेखाने माझं नाव झालं आणि साउथहॅम्प्टनला तीन वर्षांची लेक्चररची नोकरी लागली.

नोकरीसाठी व्हिसा बदलायचा होता. पासपोर्ट व्हिसा ऑफिसात गेलेला असतानाच आबा गेले.

एचआरमधल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि मग सांगितलं, "इफ यू आस्क फॉर इट बॅक, युअर ॲप्लिकेशन इज विथड्रॉन, लव्ह." म्हणजे पासपोर्ट मागितला तर अर्ज बाद, अर्ज बाद तर नोकरी गेली. इकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलेलं असेल. आई फोनवर म्हणाली, "तू नको येऊस. दिलीप करील सगळं. आबा असते तर हेच म्हणाले असते." ते असंच म्हणाले असते का, मला माहीत नाही. मी आईचं वाक्य पकडून ठेवलं आणि गेलो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

बाराव्या दिवशी सकाळी मी रेकॉर्ड ऑफिस उघडायची वाट बघत बाहेर उभा होतो. मेलेल्याचा पिंड त्या दिवशी त्याच्या बापाच्या, आज्याच्या आणि पणज्याच्या पिंडांत मिसळतात, मग तो पितरांत जातो. दिलीपचा फोन आला. "अरे, गुरुजी थांबलेत. आजोबा अण्णा, त्यांच्यावर पणजोबा महादेव, इथपर्यंत मला येतं. महादेवरावांच्या वडिलांचं नाव काय? माझ्या बाबांच्या वेळी आबांनीच सांगितलं होतं, मी विसरलो. काकू म्हणतात, तुझ्याकडे कागद आहे."

कागद हरवला, एवढंच म्हणायचं होतं. गुरुजींनी काहीतरी मार्ग काढला असता. नाव ठाऊक नसलेलं आमचंच पहिलं घर नव्हतं. पण फोनच्या त्या टोकाला आई बसली होती.

"सखाराम," मी म्हणालो.

नाव नीट निवडलं होतं, हेही कबूल करतो. त्या काळाला, त्या मुलखाला शोभेल असं. एवढं माझं शिक्षण कामी आलं. दिलीपने मागे वळून ते सांगितलेलं मला ऐकू आलं, मग गुरुजींचा आवाज, मग फोन बंद झाला. दार उघडलं. मी बॅग लॉकरमध्ये ठेवली, पेन्सिल घेतली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं.

पुढच्या वर्षी कराडला गेलो तर दिलीपच्या हॉलमध्ये कार्डशीटवर केलेला वंशवृक्ष लावलेला होता. त्याच्या मुलीचा, अनघाचा, शाळेचा प्रोजेक्ट. सगळ्यांत वर, हिरव्या चौकटीत, सखाराम. "काका, तुम्ही हिस्टोरियन ना? चेक करून सही करा ना खाली," ती म्हणाली. आई कौतुकाने बघत होती. मी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

आता साउथहॅम्प्टनमध्ये माझं घर आहे, पासपोर्टही इथलाच आहे. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोहोचलो. कागद माझ्याकडे जपून आहे, असं समजूनच ती गेली. लोक विचारतात, घर कुठलं? मी कराड म्हणतो, आणि दर वेळी डोळ्यांसमोर तो तक्ता येतो. आबांना मी कुणाच्या हवाली केलं? नसलेल्या माणसाच्या. जो खरोखर होता, त्याला त्या दिवशी कुणी हाक मारली नाही. त्याच्या वरच्या तिघांची तर नावंही कुणी मला विचारली नाहीत.

दिलीप, हे तुझ्यासाठी आहे. सखाराम मी बनवला. त्या चौकटीवर कोरा कागद चिकटव. दुसरं नाव शोधू नकोस, विचारायला आता कुणी उरलेलं नाही. चौकट मोकळीच राहू दे. खाली माझी सही आहे, ती मात्र झाकू नकोस.