तात्यांनी पंगत सोडली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

माझे वडील, तात्या. आमच्या वरकुट्यात लग्न कुणाचंही असो, पंगतीत बुंदी वाढायला हेच पुढे. कॅन्सर झाला म्हणून बारामतीत त्यांचं मूत्राशय काढलं आणि पोटाला छिद्र पाडून बाहेर पिशवी लावली. लघवी आता तिच्यात जमते. नर्सनं शिकवलं तशी ती तात्याच रिकामी करायचे, तेच बदलायचे. टाके सुकले न सुकले तोच हा माणूस पुन्हा बुंदीची बादली घेऊन पंगतीत! मला वाटलं होतं, खचतील. खचले नाहीत — आणि माझी अडचण तिथंच झाली.

कारण कुणी विचारायचा अवकाश, तात्या सदरा वर करून पिशवी दाखवायचे. "रानात ठिबक, पोटाला बी ठिबक!" लोक हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आजार त्यांचा, पिशवी त्यांची — मग लाज मला कसली?

निरवांगीला मेव्हण्याच्या मुलाचं जावळ होतं. सासरची झाडून सगळी माणसं येणार होती. तात्या नवा सदरा घालून गाडीपाशी आले. मी म्हणालो — हळूच, काळजी असल्यासारखं — "तात्या, वास येतोय."

"व्हय रं?" एवढंच म्हणाले. आत गेले, आंघोळ केली, पिशवी बदलली, परत आले. आणि मी? मी पुन्हा नाक मुरडलं.

"तुमी जावा," ते म्हणाले.

वास येत नव्हता. आधीही नाही, आंघोळीनंतरही नाही.

तेव्हापासून तात्या एकाही पंगतीला गेले नाहीत. पारावरचं बसणं सुटलं. पिशवी भरू नये म्हणून पाणीही बेतानंच प्यायला लागले, आणि त्यापायी पुन्हा दवाखाना झाला. पाणी का पीत नाही, म्हणून डॉक्टर त्यांनाच रागावले. मी शेजारीच उभा होतो.

परवा माझी धाकटी लेक त्यांच्या मांडीवर बसायला धावली. तात्यांनी तिला हातानंच थोपवलं. "लांब बस, बाय. माझा वास येतो."

तिनं त्यांच्या सदऱ्याला नाक लावलं. "न्हाय येत की."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी गाडीची किल्ली शोधायला म्हणून आत गेलो. किल्ली माझ्या खिशातच होती.