बदलता येणारी सुई

कवळीकाका हे नाव त्यांना गल्लीतल्या पोरांनी दिलं आणि बघता बघता ते टपालवाल्याच्याही तोंडी बसलं. दातांच्या डॉक्टरांनी घेतलेले साचे त्यांच्याकडे यायचे आणि काका एका अरुंद खोलीत, खिडकीला चिकटून बसून, मेणात एकेक दात रोवायचे. एकोणचाळीस वर्षं हेच काम. केसभर फरक पडला तरी माणूस घासाऐवजी स्वतःचा गाल चावतो, असं ते म्हणायचे, आणि तेवढा फरक त्यांनी कधी पडू दिला नाही. काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन ते जिना चढायचे आणि बशी कोरडी ठक्क.

बायको अगदी दुसरं टोक. ती शाळेत खेळ शिकवायची. मैदानाच्या या कडेवरून त्या कडेला शिट्टीशिवाय पोचणारा आवाज आणि हात असा धसमुसळा की घरात कान शाबूत असलेला कप शोधावा लागे. म्हणून लग्नानंतर पहिल्याच महिन्यात काकांनी सांगून टाकलं होतं, सगळं घर तुझं, फक्त रेकॉर्ड प्लेअरला हात लावायचा नाही. तिनेही ते हसून मान्य केलं. सुईचा दांडा अलगद खाली सोडायला प्लेअरला एक छोटीशी खिटी होती, ती केव्हाच बिघडली होती. काकांनी ती दुरुस्त करून घेतली नाही. आपला हात शाबूत असताना खिटी हवी कशाला, असा त्यांचा तोरा.

काम थांबवलं आणि दोनेक वर्षांत त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी सही करताना, मग चमचा धरताना. काकांनी हे कुणालाच सांगितलं नाही. कप अर्धाच भरायचा, वर्तमानपत्र हातात न धरता टेबलावर पसरायचं, सदऱ्याची बटणं आतल्या खोलीत जाऊन लावायची, अशा युक्त्या त्यांनी काढल्या. एवढं केल्यावर बायकोच्या काही लक्षात येत नसणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

एका रविवारी दुपारी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि इकडे सुई ठेवताना काकांच्या हाताला झटका बसला. दांडा रेकॉर्डवर आदळला, सुई मोडली, आणि स्पीकरमधून असा काही आवाज निघाला की ती ओला टॉवेल हातात घेऊनच आत धावली.

सुई जुनीच होती, झिजली होती, कधीतरी जायचीच, असं काकांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. तिने रेकॉर्डवरचा ओरखडा पाहिला आणि बरं म्हणाली. त्या जातीची सुई आता मिळत नव्हती. सुई जिच्यात बसते ती छोटी डबी, म्हणजे कार्ट्रिजच नवं घ्यायला हवं होतं. पुढच्या शनिवारी दोघं दुकानात गेले.

दुकान एका जिन्याखाली होतं आणि दुकानदार अगदी मोजकं बोलणारा. खिटीचं विचारल्यावर त्याने मान हलवली. एवढ्या जुन्या प्लेअरचे सुटे भाग आता कुठे मिळणार. मग त्याने त्यांना दोन स्टुलांवर बसवलं आणि एकच रेकॉर्ड दोन कार्ट्रिजांवर वाजवून दाखवली. पहिल्यात गाणारी बाई ओळ उचलण्याआधी श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. काकांनी डोळे मिटून घेतले. दुसरं वाईट नव्हतं, पण तो श्वास त्यात नव्हता.

काका पहिल्यावर बोट ठेवणार, तेवढ्यात बायकोने दुकानदाराला विचारलं, यातलं कुठलं आपटलं तर परवडेल?

आपटून कुठलंच परवडत नाही, तो म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं. पहिल्याची सुई मोडली की अख्खं कार्ट्रिज बाद. दुसऱ्याची सुई नुसती ओढून काढायची आणि नवी सरकवायची.

"मग दुसरं द्या," ती म्हणाली.

काका चिडले. इतकी वर्षं गाणं ऐकून तिला फरक कळू नये?

"कळतो ना. पहिलंच छान वाजतं." मग ती दुकानदाराकडे वळून म्हणाली, "पण आमचे हात जरा कापतात. वय झालं आता."

आमचे, असं म्हणाली ती. काकांनी तिच्या हातांकडे पाहिलं. काचेच्या काउंटरवर ते पालथे टेकलेले होते, दगडासारखे स्थिर. दुकानदाराने दुसरं कार्ट्रिज बांधून दिलं आणि न विचारता एक जादा सुईही सोबत दिली.

बसमध्ये चार थांबे गेल्यावर काकांनी विचारलं.

"कधीपासून माहितीये तुला?"

"दाढी करताना हनुवटीला कापून घ्यायला लागलात तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही एवढ्या मेहनतीने लपवत होता," ती म्हणाली. "म्हटलं, जमतंय तोवर लपवू देत."

काकांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी चिमटा घेऊन बसून पाहिलं. दांड्याच्या टोकाला केसांसारख्या चार तारा, त्या कार्ट्रिजच्या चार पिनांवर चढवायच्या. पंधरा मिनिटांत एकही चढेना. त्यांनी चिमटा टेबलावर ठेवून तो तिच्याकडे सरकवला.

"मी?" ती म्हणाली. "आणि ती बंदी?"

"उठवली."

तिने त्यांचं कामाचं भिंग डोळ्याला लावलं. काका शेजारी बसून सांगत होते. पांढरी तार या टोकाला, लाल त्या, आता निळी. ढकलू नकोस, सरकव. अगं श्वास घे, नाहीतर पडशील. उभ्या आयुष्यात ती तासभर गप्प बसल्याचं त्यांनी प्रथमच पाहिलं. तिच्या कपाळावरचा घाम नाकावर ओघळला तसा काकांनी रुमालाने टिपला. हात कापत असल्यामुळे रुमाल गालभर फिरला, तरी ती हलली नाही.

पहिल्या खेपेला एक स्पीकर मुकाच राहिला. हिरवी तार निसटली होती. ती पुन्हा बसवली, छोट्या वजनकाट्यावर सुईचा भार मोजला, आणि तिने दांडा उचलला. सुई रेकॉर्डच्या कडेला उतरायच्या ऐवजी गाण्याच्या मधोमध उतरली. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते गाणं दोघांनी अर्ध्यातून ऐकलं आणि मग रेकॉर्डच्या दोन्ही बाजू. ऐकता ऐकता काका आपण होऊन सांगत सुटले: सही कधी बिघडली, चमचा कधी सांडला, झोप लागायच्या आधी कसली भीती वाटते.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ज्या कंपवाताची त्यांना धास्ती होती तो हा नव्हे. वयाने येणारा कंप आहे, गोळीने निम्मा कमी होईल, पुरता जाणार नाही.

त्या संध्याकाळी काकांनी दुसऱ्या गावी असलेल्या मुलीला फोन लावून सगळं सांगितलं. ती काळजीत पडली तर तिला धीरही त्यांनीच दिला. बायको स्वयंपाकघरातून मोठ्या आवाजात त्यांच्या चुका सुधारत होती, त्यामुळे मुलीला अर्धी हकिगत आईच्याच तोंडून कळली.