आतून बंद झालेला पाइप

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडलेली होते. सकाळी सरावलीहून निघतो म्हणाला होता, जेवणं उरकली तरी तलासरीला आमच्याकडे त्याचा पत्ता नाही. बसला असेल कुठेतरी बॉनेट उघडून, असं मी ह्यांना म्हणत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन... आंघोळ करून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही.

महिना उलटला. राग अजून पुरता उतरलेला नाही.

माझा हा मोठा भाऊ शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने जुनी गाडी घेतली आणि आमचा अंत पाहिला. गाडीतून तेल गळायचं. आशागडच्या मेकॅनिकने सील बदललं, पुन्हा गळलं. परत बदललं, परत गळलं. "इंजिनच खोलावं लागेल, सर," तो म्हणाला. दादा ऐकेना. इंजिनाच्या पोटात साठणारा वायू बाहेर पडायला एक व्हॉल्व आणि पाइप असतो, तिथे अडलं की दाबाने तेल सीलमधून बाहेर येतं, हे त्याने मला भाजी निवडताना, देवळात, अगदी माझ्या सासूबाईंच्या तेराव्यालासुद्धा ऐकवलं. व्हॉल्व काढून हलवला तर खुळखुळ वाजायचा, म्हणजे तो ठीक होता. मग अडतंय कुठे? दादाला दुसरं काही सुचेना.

माझ्या लेकीच्या साखरपुड्याला आईला घेऊन निघाला आणि वाटेतच थांबला. इकडे पाहुणे ताटकळलेले. मी फोन केला.

"दादा, आहेस कुठे?"

"इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलंय, वर पिशवी धरलीय. ती आत ओढली जायला हवी, ही तर फुगतेय!"

"अरे, साखरपुडा आहे आज!"

"तेच सांगतोय, वायू बाहेर पडत नाहीये."

मी फोन ठेवला आणि पाहुण्यांना पुन्हा चहा फिरवला.

नवा पाइप घालून आला तेव्हा सदरा काळाकुट्ट. उशिराबद्दल चकार शब्द नाही. "आतून फुगून बंद झाला होता, बाहेरून बघा कसा धडधाकट!" म्हणत जुना पाइप त्याने थेट नवऱ्या मुलाच्या काकांच्या हातात दिला. काकांनी पाइपाला डोळा लावून आत पाहिलं आणि ते हसत सुटले. सगळा मांडव हसला, मी सोडून. पण गाडी पुन्हा कधी गळली नाही.

परवा वहिनीने गाडी विकायला काढली. बोर्डीहून गिऱ्हाईक आलं. "तेल पिते का?" एवढंच त्याने विचारलं. मी सांगायला लागले... सील, व्हॉल्व, पिशवी, साखरपुडा. बिचारा चावी घेऊन उभा.

"पुरे हो वन्सं," वहिनी दारातून म्हणाली, "त्यांना घरी जायचंय."

"थांबा जरा," मी म्हटलं आणि बॉनेट उघडलं, "पाइप तर अजून दाखवलाच नाही."